रुग्णालयाचे कोठीघर



रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियेची खोली येते, पांढऱ्या वेषातील परिचारिका येतात, नाडीवर बोटे ठेवून घड्याळाकडे पाहणारे डॉक्टर येतात. कोठीघर मात्र सहसा येत नाही. ते बहुधा तळमजल्यावर, जिन्याच्या आडोशाला असते. तेथील कोठावळ्याचे नाव रुग्णास ठाऊक नसते आणि पुष्कळदा मोठ्या डॉक्टरांसही नसते. तरीसुद्धा पगाराच्या खालोखाल रुग्णालयाचा जो मोठा खर्च, तो याच खोलीच्या दारातून बाहेर पडत असतो. औषधे, सलाइनच्या बाटल्या, सुया, हातमोजे, कापूस, जाळीचे कापड, टाके घालावयाचे धागे, प्राणवायूच्या नळकांड्या, रक्ताच्या पिशव्या, झाडण्या-पुसण्याचे सामान, या साऱ्यांची गणती तेथे व्हावयाची असते. हा खर्च कमी करता येईल काय, आणि तो कमी करताना रुग्णाच्या शुश्रूषेत उणेपणा न येईल अशी तजवीज होईल काय, याविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

विषय रुक्ष वाटला तरी आपणांपैकी ज्यांनी घर चालविले आहे त्यांना तो अगदीच परका नाही. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी वर्षाची बेगमी करण्याची चाल होती. कित्येक घरांतून ती अजूनही आहे. गहू किती लागतील, तांदूळ कोणत्या महिन्यात स्वस्त मिळतात, डाळीला ऊन केव्हा द्यावे, लोणच्याची बरणी कोठे ठेवावी, जुने धान्य संपल्याखेरीज नव्याला हात लावू नये, हे सर्व शास्त्र आपल्या आज्यांना कोणत्याही विद्यापीठात न जाता अवगत होते. आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर काढावा, हा जो नियम आज औषधभांडारांतून शिकवितात, तो मुळी त्यांच्याच घरचा आहे.

फरक आहे तो पुढेच. घरातली तुरीची डाळ संपली तर पिठले करून वेळ मारून नेता येते, शेजारणीकडून वाटीभर उसनेही आणता येते. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबविण्यासाठी जे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यावयाचे, ते कपाटात नसेल तर त्याला पिठल्यासारखा पर्याय नेहमीच हाताशी असतो असे नाही. एवढेच नव्हे, तर ते कपाटात असूनही नसल्यासारखे होऊ शकते. हे औषध २ ते ८ अंश उष्णतामानात ठेवावे लागते. उन्हाळ्यात ते बाहेरच राहिले तर त्याचा जोर हळूहळू ओसरतो. कुपी तशीच दिसते, आतील पाणीही तसेच निर्मळ दिसते, वहीत नगांची संख्याही बरोबर भरते. फक्त औषध आपले काम पुरते करीत नाही. कोठावळ्याच्या हलगर्जीपणाने माणूस दगावू शकतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आता माल संपला म्हणजे काय होते ते पाहू. डॉक्टर एक चिठ्ठी लिहून देतात आणि रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा ती घेऊन समोरच्या दुकानाकडे धावतो. रुग्णालयाच्या हिशेबात त्या दिवशी खर्च कमी पडलेला दिसतो. वर्षअखेर अहवालात काटकसर झाली म्हणून समाधानही व्यक्त होत असेल. परंतु तो खर्च नाहीसा झालेला नसतो. तो रुग्णालयाच्या वहीतून उठून गरिबाच्या खिशात शिरलेला असतो, आणि तोही घाऊक भावाने नव्हे, तर छापील किंमतीने. त्या चिठ्ठीपायी गळ्यातले डोरले गहाण पडल्याची कथा आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. अशा बचतीला बचत म्हणण्यास मी तयार नाही. म्हणून आजच्या भाषणात काटकसर या शब्दाचा अर्थ एवढाच समजावा, की तोच उपचार, तितकाच चांगला, कमी पैशांत. आणि तो पैसा कोणाच्या तरी दुसऱ्याच्या पदरी न टाकता.

कोठीघरातील शेकडो जिनसांकडे एकाच नजरेने पाहणे ही पहिली उधळपट्टी होय. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाचा वर्षाचा हिशेब मांडला, तर सामान्यतः असे आढळते की, थोड्याशा जिनसाच बहुतेक पैसा खातात, आणि उरलेल्या पुष्कळ जिनसांचा मिळून खर्च थोडका असतो. म्हणून जिनसांचे अ, ब, क असे वर्ग पाडतात. अ वर्गातील महाग जिनसांवर कडक नजर, थोडी थोडी खरेदी, दर आठवड्यास मोजणी. क वर्गातील स्वस्त जिनसा मात्र सढळ हाताने भराव्या, त्यांच्या मोजदादीत कारकुनांचा जीव घालू नये. परंतु पैशाचा हा एकच गज लावून भागत नाही. दुसरा गज प्राणाचा. जी जिन्नस नसेल तर प्राण जाईल ती प्राणावश्यक, जी नसेल तर उपचार अडेल ती आवश्यक, आणि जी असली तर बरी ती इष्ट. हे दोन गज एकमेकांवर आडवे-उभे ठेवले म्हणजे कोठीघराचा खरा नकाशा दिसू लागतो.

सर्पदंशावरची लस हे याचे उत्तम उदाहरण आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच संमिश्र लस आपल्याकडे तयार होते. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव या कामी जुने आहे. कोकणातील एखाद्या लहानशा आरोग्यकेंद्रात महिनेच्या महिने तिची एक कुपीही लागत नाही. निव्वळ पैशाचा गज लावणारा हिशेबनीस म्हणेल, पडून राहणारा माल कशाला ठेवावयाचा? प्राणाचा गज लावणारा म्हणेल, रात्री दोन वाजता शेतकऱ्याचा मुलगा खांद्यावरून आणला तर तालुक्याचे गाव तीस मैलांवर आहे. दोघांचेही समाधान करणारी युक्ती आहे. लस पूड स्वरूपात घ्यावी, कारण ती पातळ लसीपेक्षा अधिक टिकते व तिला शीतकपाटाची तितकी गरज नसते; आणि मुदत संपण्यास काही महिने उरले की, ती जेथे दंशाचे रुग्ण नेहमी येतात अशा मोठ्या रुग्णालयाकडे धाडून तेथली ताजी कुपी बदल्यात आणावी. कुपी वाया जात नाही आणि आरोग्यकेंद्रही रिकामे राहत नाही. यासाठी लागते ते एवढेच, की कोणत्या केंद्रात कोणत्या मुदतीच्या किती कुप्या आहेत हे एखाद्यास एका जागी बसून कळले पाहिजे.

किती माल असावा, याचे गणित फारसे बिकट नाही. समजा, एका रुग्णालयात दिवसाला सलाइनच्या ४० बाटल्या लागतात आणि मागणी केल्यापासून माल येण्यास १५ दिवस लागतात. म्हणजे माल वाटेत असताना ६०० बाटल्या खर्च होतील. त्यावर अडीअडचणीसाठी दहा दिवसांच्या ४०० बाटल्या धरल्या, तर साठा हजारावर आला की नवी मागणी गेलीच पाहिजे. परंतु या सोप्या गणितात दोन खाचा आहेत. पहिली अशी की, वर्षाची सरासरी पावसाळ्यात फसवी ठरते. जुलै-ऑगस्टात हगवण, हिवताप, डेंग्यू यांनी वॉर्ड भरले म्हणजे दिवसाला ४० बाटल्यांचा हिशेब कोठल्या कोठे वाहून जातो. दुसरी खाच अधिक सूक्ष्म आहे. समजा, एखाद्या महिन्यात दहा दिवस माल संपलेलाच होता आणि उरलेल्या वीस दिवसांत ८०० बाटल्या खपल्या. वहीत त्या महिन्याचा खप ८०० असा लागतो, आणि पुढल्या वर्षीची मागणी त्याच आकड्यावर बेतली जाते. खरी गरज १२०० बाटल्यांची होती, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा रीतीने एका वर्षीची टंचाई पुढल्या वर्षीच्या टंचाईची बीजे पेरून ठेवते, आणि कागदोपत्री सर्व काही यथास्थित दिसते.

याच टंचाईतून दुसरी एक खोड उत्पन्न होते. वॉर्डातील अनुभवी परिचारिका वरकरणी रिकाम्या दिसणाऱ्या कपाटात, चादरींच्या मागे, चार पेट्या सुया आणि दोन पेट्या हातमोजे दडवून ठेवते. वरिष्ठांना यात बेशिस्त दिसते. मला त्यात बेशिस्तीपेक्षा शहाणपण अधिक दिसते; ज्या कोठीवर भरवसा नाही त्या कोठीपुढे कोणीही समंजस मनुष्य हेच करील. परंतु दहा वॉर्डांतून असे दहा चोरकप्पे झाले म्हणजे रुग्णालयाचा निम्मा माल कोणालाच ठाऊक नसलेल्या जागी मुदत संपण्याची वाट पाहत पडून राहतो. झडत्या घेऊन हे थांबत नाही. सहा महिने सलगपणे मागितलेला माल मागितल्या दिवशी पोचता झाला, की चोरकप्पे आपोआप उघडतात.

आता खरेदीकडे वळू. सार्वजनिक संस्थांतून टेंडरे मागवून ज्याची किंमत सर्वांत कमी त्याचा माल घ्यावा, असा शिरस्ता आहे. तो लबाडीला आळा घालण्यासाठी निघाला, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु किंमत कोणत्या गोष्टीची मोजावयाची, हा प्रश्न उरतोच. समजा, हातमोज्यांचा एक जोड १२ रुपयांना मिळतो, पण चारांतला एक घालतानाच फाटतो. दुसरा १५ रुपयांना आहे, आणि पन्नासांत एखादाच फाटतो. पहिल्याचा धड वापरलेला प्रत्येक जोड १६ रुपयांना पडला, दुसऱ्याचा सव्वापंधराच्या आसपास. शिवाय फाटलेल्या मोज्यातून शल्यविशारदाच्या बोटाला जी सुई टोचते तिची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही. म्हणून माल निवडणाऱ्या समितीत हिशेबनीसाच्या शेजारी तो माल रोज हाताळणारी परिचारिका बसलेली असावी, असे मला आग्रहाने वाटते.

मोज्यांचे उदाहरण किरकोळ झाले. स्वस्त मालाचे भयंकर उदाहरण मुंबईने १९८६ साली पाहिले. त्या वर्षाच्या आरंभी जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांपैकी १४ जण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी हे ग्लिसरीन पोटात देत असत. रुग्णालयात आलेल्या त्या मालात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होते. ते ग्लिसरीनसारखेच दाट, तसेच गोडसर, आणि त्याहून स्वस्त असते. डोळ्यांनी पाहून वा जिभेने चाखून दोहोंतला भेद कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली तेव्हा खरेदी, तपासणी आणि औषधनियंत्रण या तिन्ही यंत्रणांतील भोके उघडी पडली. माल मागविणाऱ्यापासून तो रुग्णाच्या ओठांशी नेणाऱ्यापर्यंत इतके हात, पण हे खरोखर औषध आहे काय, असे विचारण्याची जबाबदारी कोणा एकाच्या माथी नव्हती. ही गोष्ट जगात अपूर्व होती असेही नव्हे. याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसे मेली होती आणि त्यावरून तेथे पुढल्याच वर्षी नवा कायदा झाला. इतके होऊनही २०२२ साली गांबियातील मुलांच्या मृत्यूंसंबंधाने जागतिक आरोग्य संघटनेला भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांविषयी जगाला इशारा द्यावा लागला, आणि त्यातही नाव याच विषाचे होते.

तेव्हा कमी किंमत आणि खात्रीचा माल ही जोडी जमते कोठे, असे आपण विचाराल. ती तामिळनाडूत पुष्कळ अंशी जमली आहे. तेथील सरकारने १९९४ साली वैद्यकीय पुरवठ्यासाठी एक स्वतंत्र महामंडळ काढले आणि १९९५ च्या जानेवारीपासून त्याचे काम सुरू झाले. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी आवश्यक औषधांची एक आटोपशीर यादी ठरविली. कंपनीची नावे नव्हेत, तर औषधांची मूळ नावे. मग मध्यस्थांना बाजूस सारून थेट कारखानदारांकडून दोन वेगवेगळ्या लखोट्यांत टेंडरे मागविली. पहिल्या लखोट्यात कारखान्याची पात्रता, दुसऱ्यात किंमत. पहिला लखोटा उघडून जे कसोटीस उतरतील त्यांचाच दुसरा लखोटा उघडावयाचा. म्हणजे सर्वांत स्वस्त कोण हा प्रश्न विचारावयाचाच, पण लायक कोण हे ठरल्यानंतर.

माल आला की त्याच्या प्रत्येक घाणातून नमुना काढतात, त्यावरील कारखान्याचे नाव झाकून सांकेतिक अंक घालतात आणि प्रयोगशाळेकडे धाडतात. आपण कोणाचे औषध तपासत आहो हे तपासणाऱ्यास कळतच नाही. जे. जे. रुग्णालयाच्या प्रकरणात जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो येथे प्रत्येक घाणापाशी विचारलाच जातो. निकाल येईपर्यंत माल जिल्ह्याच्या गोदामात थांबतो. गोळ्या सुट्या न घेता पट्टीत बंद केलेल्या घेतात, आणि पट्टीवर सरकारी शिक्का असतो, म्हणजे ती बाजारात विकावयास निघाली तर ओळखू यावी. प्रत्येक रुग्णालयास बँकेच्या पासबुकासारखे एक पुस्तक दिलेले असते. त्यात वर्षाची रक्कम जमा दाखवितात आणि जसजसा माल उचलला जाईल तसतशी ती वजा होते. या पुस्तकाची कल्पना मला सर्वांत आवडली. आपल्या खात्यात किती उरले हे दिसत असले की, डॉक्टरही विचार करून मागणी करतात. आणि मागणी त्यांनीच केलेली असल्यामुळे राजधानीतून नको असलेली औषधे त्यांच्या माथी मारली जात नाहीत. पुढे केरळाने व राजस्थानाने याच धर्तीवर महामंडळे काढली. राजस्थानात २०११ च्या २ ऑक्टोबरपासून सुरू झालेली मोफत औषधांची योजना अशाच खरेदीच्या बळावर उभी राहिली. महाराष्ट्रानेही २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी वेगळे प्राधिकरण स्थापन केले.

खाजगी व धर्मादाय रुग्णालयांना सरकारसारखी एकहाती खरेदी करता येत नाही, पण त्यांना एकत्र येण्यास कोणी हरकत घेतलेली नाही. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. त्याच टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ साली कर्करोगावर उपचार करणाऱ्या देशभरच्या संस्थांचे एक जाळे विणले गेले. आज त्यात तीनशेहून अधिक संस्था आहेत. त्यांतील २३ केंद्रांनी ४० औषधांची मिळून एकत्र बोलणी केली, तेव्हा सुमारे १३२० कोटी रुपये वाचले, असा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. औषधे तीच आणि रुग्णही तेच. तेवीस निरनिराळ्या दारांतून आत शिरणारा विक्रेता आता एकाच दारातून आत येऊ लागला, एवढाच काय तो बदल. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाने याहून निराळी वाट धरली. १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालेल्या या संस्थेला मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवावयाचे भिंग परदेशातून शंभर डॉलरच्या आसपास किंमत देऊन आणावे लागे. तेव्हा १९९२ साली तिने स्वतःचाच भिंगांचा कारखाना काढला, आणि ती किंमत दहा डॉलर व पुढे त्याहूनही खाली आली. प्रत्येक रुग्णालयाने कारखाने काढावेत असे मात्र यावरून कोणी समजू नये. अरविंदला एकाच जातीचे भिंग लाखांनी लागते. ज्याला वर्षाला दोनशे लागतात त्याने विकत घेणेच बरे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. काटकसरीच्या उत्साहात कित्येकांनी असा सिद्धांत मांडला की, कोठी म्हणजे अडकलेला पैसा. तेव्हा माल रोजच्या रोज आणावा आणि कोठीला कुलूप घालावे. मोटारीच्या कारखान्यात हे चालते. रुग्णालयात ते किती चालते हे २०२१ च्या एप्रिलात दिसले. प्राणवायूची मागणी अचानक कित्येक पटींनी वाढली; तो तयार करणारे मोठे कारखाने पोलादाच्या भट्ट्यांजवळ, आणि रुग्ण येथे. पातळ प्राणवायू उणे १८३ अंशांवर उकळतो, त्यामुळे त्याची ने-आण खास टाक्यांतूनच व्हावयास पाहिजे. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणला पाठविले गेले आणि ते भरून नागपूर व नाशिक येथे येईपर्यंत चार-पाच दिवस लोटले. रेल्वेने पराक्रम केला यात शंका नाही. पण ज्या रुग्णालयाजवळ एका दिवसाचा साठा होता त्याला चार दिवसांचा पराक्रम काय उपयोगी? महाग आणि क्वचित लागणाऱ्या जिनसांचा साठा खुशाल उतरवावा. प्राणावश्यक जिनसांचा साठा हा अडकलेला पैसा नसून विम्याचा हप्ता आहे, असे धरून चालावे. त्याच कारणास्तव एका जिनसेचा सर्व पुरवठा एकाच कारखानदाराकडे सोपवू नये. चार आणे अधिक गेले तरी दोघांत वाटून द्यावा, म्हणजे एकाची भट्टी बंद पडली तरी दुसऱ्याची चालू राहते.

राहता राहिली बिलांची गोष्ट. ज्या संस्थेची बिले आठ-आठ महिने थकतात तिला चांगला कारखानदार टेंडरच भरीत नाही, आणि जो भरतो तो आठ महिन्यांचे व्याज किंमतीत आधीच घालून ठेवतो. बिल महिन्याच्या आत चुकते करणे हा किंमत उतरविण्याचा उपाय आहे, हे आपल्या लेखाधिकाऱ्यांना पटविणे कठीण जाते. त्यांच्या मते पैसा जितके दिवस आपल्याकडे राहील तितका आपलाच.

शेवटी श्रोत्यांपैकी जे दानशील आहेत त्यांच्याशी दोन शब्द. पूर आला, भूकंप झाला, किंवा घरातले आजारपण सरले, की उरलेली औषधे जवळच्या धर्मादाय दवाखान्यात नेऊन देण्याची आपल्याकडे रीत आहे. हेतू उत्तम असतो. पण अर्ध्या फाडलेल्या पट्टीवर पुष्कळदा मुदतीची तारीखच उरलेली नसते, ती कोणत्या उन्हात पडली होती हे कोणी सांगू शकत नाही, आणि तिची निवड, नोंद व शेवटी विल्हेवाट यांत कोठावळ्याचा दिवस खर्ची पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाविषयी जे नियम प्रसिद्ध केले त्यांत, दान केलेल्या औषधाची मुदत ते पोचल्यावर निदान एक वर्ष तरी उरलेली असावी, आणि दुसऱ्या रुग्णास देऊन परत आलेली औषधे दान करू नयेत, असे सांगितले आहे. तेव्हा देणगी द्यावयाची असेल तर आधी दवाखान्याच्या कोठीघरात जाऊन काय कमी आहे ते विचारावे. बहुधा तो गृहस्थ औषधाचे नाव सांगणार नाही. भिंतीवर टांगण्याचे एक उष्णतामापक यंत्र, शीतकपाटासाठी वीज गेली तरी चालणारी बॅटरी, किंवा पावसाचे पाणी येऊ नये म्हणून खोक्यांखाली घालावयाच्या चार लाकडी फळ्या, असेच काहीतरी मागेल.